माल जुन्नरचा, नाव दुसऱ्याचं

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कुठलाही क्रेट उचलून बघा. बाजूवर दोन-तीन ठळक इंग्रजी अक्षरं असतात. ती व्यापाऱ्याची. क्रेट त्याचा, फिरून त्याच्याकडे यायला हवा, म्हणून त्यानं खूण केली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण आत वीस किलो माल आहे. त्यासाठी कुणीतरी मल्चिंगचा कागद अंथरला, बांबू रोवले, तार ओढली, सुतळीनं एकेक फांदी बांधली, करपा येऊ नये म्हणून फवारण्या केल्या. त्याचं नाव कुठं आहे? आडतीच्या पट्टीवर. पट्टी त्याच्याच खिशात जाते. म्हणजे त्याचं नाव फक्त त्यालाच वाचायला मिळतं.

२०२३ च्या जुलैत याच बाजारात चांगल्या मालाचा क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला. देशभरच्या वाहिन्यांनी नारायणगाव दाखवलं. पुढं भाव कोसळले, कॅमेरे गेले. मुंबईत ज्या बाईनं तेव्हा तो टोमॅटो शंभरावर रुपये किलोनं घेतला, तिला तो जुन्नरचा होता हे कळलंच नाही. भाव मिळाला तेव्हाही नाव मिळालं नाही.

हा विषय डोक्यात होता, म्हणून पुणे डिझाइन फेस्टिव्हलच्या दिवसांत मी सभागृहाऐवजी एका छोट्या ब्रँडिंग स्टुडिओत गेलो. असोसिएशन ऑफ डिझायनर्स ऑफ इंडियाची पुणे शाखा हा फेस्टिव्हल भरवते, आणि त्या निमित्तानं शहरात डिझाइनवर बोलणं होतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण डिझाइन कळायचं तर ते जिथं होतं त्या टेबलापाशी बसावं. स्टुडिओ म्हणजे जुन्या वाड्यामागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. चालवणारी तिशीतली मुलगी, हाताखाली दोघं. आणि टेबलावर आंबेगावचा तांदूळ.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढलीय. त्यांना त्यांचा इंद्रायणी एक किलोच्या पाकिटात विकायचाय. कंपनीचे एक संचालक घोडेगावहून एसटीनं आले होते, पिशवीत तांदळाचा नमुना घेऊन. भिंतीवर पाकिटाचे तीन नमुने चिकटवलेले. तिघांचीही पुढची बाजू इंग्रजीत, खाली छोटंसं मराठी.

"काका, नाव नीट वाचता येतंय ना?" तिनं विचारलं.

"येतंय की मॅडम. पण आमचं गाव कुठंय?"

"मागे आहे ना. पूर्ण पत्ता दिलाय, पिनकोडसकट."

"पत्ता पोस्टमनला लागतो ओ. मी गाव म्हणतोय. पुढं."

ती थांबली. मग तिनं दुसरा कागद ओढला आणि पेन्सिलनं पाकिटाची चौकट काढून गावाची जागा आखायला घेतली. मला तिचं हे फार आवडलं. पुष्कळ ठिकाणी असं म्हणणाऱ्याला समजावून गप्प केलं जातं.

तिच्या कामात कसूर नव्हती, हेही सांगायला हवं. "इंद्रायणी" ही चार अक्षरं तिनं फॉन्टमधून उचलली नव्हती, हातानं काढली होती. "द्रा"मधला रकाराचा तिरका फाटा छोट्या आकारात "द"च्या पोटात मिसळतो आणि छापल्यावर नुसता काळा ठिपका उरतो. तिनं तो फाटा जरा खाली ओढून मोकळा केला होता. पाउचच्या फिल्मवर शाई थोडी पसरतेच. "ळ"ची दोन्ही भोकं, "ध"ची गाठ, "क्ष"चं पोट आधी बुजतं. हे ज्याला कळतं त्यानं अक्षरातली पोकळी मुद्दाम मोठी ठेवायची असते, आणि तिला ते कळत होतं. देवनागरीला उंची लागते: वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार. इंग्रजी ओळीला पुरेल तेवढ्या पट्टीत मराठी कोंबली की ती बारीक होते, वाचत नाही, आणि मग तिलाच गचाळ म्हटलं जातं. दोष पट्टी आखणाऱ्याचा असतो.

"मग हे पुढं मोठं का नाही?" मी विचारलं.

"क्लायंट इंग्रजीच मागतात. आणि कायद्यानंही मराठी लागत नाही."

तिचं खरं आहे, आणि राग यायचा तर इथं यावा. २०११ च्या वैधमापनाच्या आवेष्टित वस्तू नियमांत पाकिटावरची सक्तीची माहिती, म्हणजे वजन, किंमत, तारीख, उत्पादकाचा पत्ता, देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी असं आहे. बाकी भाषा जोडीला चालतात. अन्नसुरक्षेच्या लेबलाचंही तेच. म्हणजे आंबेगावात पिकलेला तांदूळ मंचरच्या दुकानात, मराठीशिवाय दुसरं न वाचणाऱ्या आजीला विकताना त्यावर मराठीचं एक अक्षर नसलं तरी पाकीट कायदेशीर. त्याच मंचरात दुकानाची पाटी मात्र मराठीत हवी. २०२२ ची दुरुस्ती आहे, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या लावा म्हणून सांगितलं. पाटीसाठी आंदोलनं झाली, काचा फुटल्या. पाकिटासाठी असं काही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पाटी माणूस जाता जाता बघतो. पाकीट घरात येतं. आत काय आहे, कधीपर्यंत खायचं, तक्रार कुणाकडे करायची, हे त्यावर असतं. राज्य सरकारनं केंद्राकडे एका ओळीची दुरुस्ती मागावी: विक्री ज्या राज्यात, त्या राज्याची भाषा पाकिटावर सक्तीची.

आणि तोवर डिझायनरांनी कायद्याची वाट बघू नये. फॉन्ट नाही ही सबब कधीच संपली. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू फुकट मिळतात, देवनागरीसकट. हातानं अक्षर काढायचं तर कमल शेडगे यांचं काम समोर आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नावं अशी काढली की शीर्षक वाचताच नाटकाची जात कळावी. ते २०२० मध्ये गेले. पण ते कसब रंगभूमीपुरतंच राहावं असं थोडंच आहे? तांदळाच्या पाकिटाला का लागू नये?

भिंतीवरच्या दुसऱ्या नमुन्यावर वारली चित्रं होती. पांढरी त्रिकोणी माणसं, तारपा, गोल नाच. मी स्पष्ट सांगितलं: हे काढा. वारली चित्रं डहाणू, तलासरी, जव्हारकडची, पालघर जिल्ह्यातली. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत. एका जमातीचं चित्र दुसऱ्या जमातीच्या मालावर लावून "आदिवासी" म्हणून विकणं ही दोघांच्याही बाबतीत चोरी आहे. ती म्हणाली, "आदिवासी माल म्हटलं की प्रत्येकाला वारलीच हवं असतं." हवं असेल. पण एकदा भीमाशंकरच्या रस्त्यानं जून-जुलैत जाऊन या, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी खाचरं बघा, चिखलणी बघा, इरलं बघा. काढायला भरपूर आहे.

जुन्नरकडून येणाऱ्या मालाचं आणखी एक ठरलेलं चित्र म्हणजे शिवनेरीची बाजू आणि त्यापुढं महाराज. ज्यांना हे सुचतं त्यांनी १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा वाचावा. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र त्याच्या अनुसूचीत आहे. धंद्यासाठी ते असं वापरता येत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. महाराजांच्या जन्मभूमीचा अभिमान लोणच्याच्या बरणीवर चिकटवून सिद्ध करायचा नसतो.

जुन्नरला स्वतःचं नाव मालावर घालायची सवय नव्हती असं कुणी म्हणेल, तर तेही खोटं आहे. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद आहे. हातानं बनवलेला, घोटून गुळगुळीत केलेला, दौलताबादीच्या बरोबरीनं ओळखला जाणारा. कागद बनवणाऱ्या कागदी मंडळींची वस्ती जुन्नरात होती आणि गावाचं नाव मालाला चिकटून पुण्याच्या फडात पोचत होतं. कारकुनाला तो कुठून आला हे सांगावं लागत नव्हतं. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा गेला, नावही गेलं.

त्याच्याही कितीतरी शतकं आधी बघा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी राजांनी खोदवलेली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली, ते तिथं ब्राह्मीत कोरलेलं आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे. नाणेघाटानं कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव होतं. इथल्या धंदेवाल्यांना आपलं नाव दगडात असावं असं वाटत होतं आणि ते त्यांनी करून घेतलं. आज त्याच खोऱ्यातल्या धान्याचं पोतं नाव नसताना ट्रकमध्ये चढतं.

मधल्या काळात या दोन तालुक्यांत मोठे ब्रँड झालेच नाहीत, असंही नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञ आणून फसफसणारी वाइन काढली. बाहेरच्या देशांत ती "ओमर खय्याम" म्हणून गेली, देशात "मार्कीज द पॉम्पादूर" म्हणून. लंडनसाठी इराणी कवी, मुंबईसाठी फ्रेंच राजाची सखी. द्राक्षं सह्याद्रीच्या पायथ्याची आणि ती बनवणारे हात इथले. फ्रान्समधल्या ज्या शॅम्पेन प्रांताची पद्धत उचलली, तिथं बाटलीवर प्रांताचं नाव हीच सगळी किंमत असते. पद्धत आणली, ती गोष्ट मात्र तिथंच ठेवून आलो.

मंचरची गोष्ट वेगळी आणि अभ्यासण्याजोगी. १९९२ मध्ये, दूध जास्त झालं की संकलनाला सुट्टी देण्याची पद्धत असताना, ते दूध घेण्यासाठी देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क फूड्स सुरू केली. गोवर्धन तूप आज कुठंही मिळतं. २०११ मध्ये त्यांनी स्वतःच्या गोठ्यातल्या गाईंचं दूध "प्राइड ऑफ काउज" या नावानं मुंबई-पुण्यात थेट घरी द्यायला सुरुवात केली, नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी चढ्या भावानं, आणि लोकांनी ते घेतलं. का घेतलं? दूध कुठल्या गोठ्यातलं, कुठल्या गाईंचं, हे सांगितलं म्हणून. गिऱ्हाईक उगमाला पैसे देतो, हे आंबेगाव तालुक्यातच सिद्ध झालंय. शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला ते लागू होत नाही असं मानायला काहीच कारण नाही.

डिझाइनची ताकद पुण्यानंही पाहिलीय. एलिफंट डिझाइन १९८९ पासून या शहरात आहे. पेपर बोटचं मऊ पाउच त्यांनीच घडवलं. पन्हं आणि कोकम आपल्याकडे होतंच. ते पैसे मोजून विकत घ्यावंसं वाटलं, यात त्या पाउचचा वाटा मोठा. मग हीच करामत डिंभ्याच्या तांदळासाठी, बेल्ह्याच्या कांद्यासाठी, पश्चिमेकडच्या हिरड्यासाठी का होत नाही?

हिरड्याचं तर नावच घेतलं जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात बायाबापड्या बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. पावसाळ्याआधीचा घरचा हाच रोख पैसा. जून २०२० च्या निसर्ग वादळात झाडं मोडली तेव्हा भरपाईसाठी त्यांना मोर्चे काढावे लागले, कारण हिरडा पीक की रानमेवा याचाच सरकारदरबारी पत्ता नव्हता. त्रिफळा चूर्णाची डबी हातात घ्या. हिरडा, बेहडा, आवळा ही तीन नावं असतात, कंपनीचं असतं, कधी ऋषींचं चित्र असतं. भीमाशंकरचं जंगल आणि ते वेचणारी बाई त्या डबीवर नाही.

आता डिझाइनवाल्यांना माझं आमंत्रण. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला या. एसटी स्टँडच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, बोलणी होतात, सुपारी ठरते. प्रत्येक राहुटीवर फडाची पाटी. ती पाटी मन लावून वाचा. "विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर". एका ओळीत बाई कोण, बाप कोण, जात कुठली, गाव कुठलं, सगळं आलं. काही लपवलं नाही, काही इंग्रजी केलं नाही. त्या एका नावावर पंचक्रोशी लोटत होती. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, तोही याच नावाचा. विठाबाई २००२ मध्ये गेल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड झाला, आणि पाटीवर "सह नितीनकुमार बनसोडे" आलं. तिकडं "रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर". हा "सह" बघा. आईची पुण्याई मुलाकडे कशी सोपवायची, जुनं गिऱ्हाईक न तोडता नवं नाव कसं पुढं आणायचं, याचं उत्तर शाळेत न गेलेल्या माणसांनी एका शब्दात शोधलंय. मोठ्या कंपन्या त्यासाठी सल्लागार नेमतात. पाटीवरची अक्षरं रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात, खाली मालकाचा फोन ठळक. मराठी मुलखातलं ब्रँडिंग शिकायचं तर इथं एक दिवस उभं राहणं मला सक्तीचं वाटतं. फडांची परवड काय आहे, कर्ज किती, हा निराळा आणि मोठा लेख आहे. पण नाव टिकवणं त्यांना येतं.

बाजारातल्या एका आडतदारानं मला विचारलं, "भाऊ, क्रेटवर शेतकऱ्याचं नाव टाकलं आणि खालच्या थराला बारका माल निघाला, तर?" तर शिव्या त्या नावाला पडतील. पडू देत. तेव्हाच बारका माल खाली जायचा थांबेल, आणि जो सगळे थर सारखे भरतो त्याला दोन पैसे जास्त मिळतील. आज दोघांच्या वकलाला एकच भाव निघण्याची पाळी येते, ती नाव नसल्यामुळंच.

हे जमणारं नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की ते याच तालुक्यात जमलंय. जुन्नरची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट यंत्रणेत बाग नोंदवलेली असते, आणि पेटीवरून ती कुठल्या प्लॉटची हे शोधून काढता येतं. ही यंत्रणा वीसेक वर्षं चालू आहे. नेदरलँडच्या गिऱ्हाइकाला बागेपर्यंत पोचता येतं, हडपसरच्या गिऱ्हाइकाला तालुक्यापर्यंतही नाही. नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांचीच कंपनी उभी करून स्वतःच्या नावानं माल विकून दाखवला. २०२० मध्ये केंद्रानं अशा दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना काढली. दहा हजार कंपन्या म्हणजे दहा हजारांहून जास्त पाकिटं. ती सगळी इंग्रजी नाव, वारली माणूस आणि हिरवं पान घेऊन आली, तर एकातून दुसरं ओळखायचं कसं?

डिझायनरांनी फुकट काम करावं असं मी म्हणणार नाही. त्या मुलीनं "द्रा"वर घालवलेला वेळ हा श्रमच आहे आणि त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण एकेका गटाला न झेपणारा खर्च बाजार समितीला झेपतो. समितीच्या उत्पन्नात शेतकऱ्याच्या मालाचाच पैसा आहे. त्यातून तालुक्यासाठी एक स्टुडिओ वर्षाच्या करारावर घ्या. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. टोमॅटोच्या एका चांगल्या खेपेत भागणारी रक्कम आहे. क्रेटवर अडकवायची चिठ्ठी करा: नाव, गाव, तोडणीची तारीख, मराठीत, हातभरावरून वाचता येईल अशी. तिचा आकार, कागद, ओलीत न विरघळणारी शाई, हे सगळं डिझाइनचं काम आहे, आणि फेस्टिव्हलमध्ये दाखवण्याजोगं आहे.

तेव्हा पुढच्या फेस्टिव्हलचा एक दिवस नारायणगावला भरवा. पहाटे बाजारात लिलाव बघा, दुपारी राहुट्यांच्या पाट्या बघा, संध्याकाळी शेतकरी, आडतदार, रंगारी आणि डिझायनर एका सतरंजीवर बसा आणि चिठ्ठीचा पहिला नमुना तिथंच काढा. जुन्नर बाजार समितीनं त्यासाठी असोसिएशनच्या पुणे शाखेला रीतसर पत्र पाठवावं. पत्राचा मसुदा मी लिहून देतो.